विज्ञानकथा : एका समासाचा विग्रह

भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात एक सोय हळूहळू पद्धत होऊन बसली आहे. मध्यभागी एखादी इंग्रजी वाङ्मयीन संज्ञा ठेवावयाची, तिच्याभोवती मराठी, बंगाली, हिंदी, तमिळ शब्द मांडावयाचे आणि हे सारे शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असे गृहीत धरून पुढे जावयाचे. दिल्लीत या सोयीचे आकर्षण विशेष असणे स्वाभाविक आहे. येथील विद्यापीठीय विभागांत अनेक भाषांचे अध्यापक एका छताखाली काम करतात. साहित्य अकादमी २४ भाषांतील साहित्याचा व्यवहार पाहते. नॅशनल बुक ट्रस्ट एका भाषेतील पुस्तक दुसऱ्या भाषेत नेते. इतक्या भाषांचा एकत्र संसार चालवावयाचा तर काही समान खुणा लागणारच. तथापि, खूण आणि अर्थ यांतील अंतर विसरले गेले की सोयीचे रूपांतर गैरसमजात होते. 'सायन्स फिक्शन' या इंग्रजी जोडशब्दाचे भारतीय भाषांत जे झाले, ते या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. 'विज्ञानकथा' हा त्या शब्दाचा मराठी अनुवाद मानला जातो. वस्तुतः तो या वाङ्मयप्रकाराविषयी मराठीने दिलेला एक निर्णय आहे, आणि त्या निर्णयाची किंमत मराठी समीक्षेने मोजली आहे.

प्रथम मूळ शब्दाकडे पाहू. 'सायन्स फिक्शन' हा शब्दप्रयोग इंग्रजीत १८५१ इतक्या मागे, विल्यम विल्सन यांच्या लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आढळतो. परंतु त्या वेळी तो रुजला नाही. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले, तेव्हा त्यांनी पुरस्कार केला तो 'सायंटिफिक्शन' या सांधलेल्या शब्दाचा. तो उच्चारास अवघड आणि कानास विचित्र होता. १९२९ मध्ये त्याच संपादकाच्या दुसऱ्या मासिकातून 'सायन्स फिक्शन' हे सुटे रूप पुढे आले आणि टिकले. या जोडशब्दाचे वैशिष्ट्य असे की त्यातील दोन नामांचा परस्परसंबंध इंग्रजी व्याकरण उघड करीत नाही. विज्ञानाविषयीचे कल्पित, विज्ञानापासून निघालेले कल्पित, विज्ञानाच्या वेषातील कल्पित, यांपैकी कोणताही अर्थ त्यातून निघू शकतो. हा संबंध संदिग्ध राहिला म्हणूनच इंग्रजीत या प्रकाराच्या व्याख्येचा वाद आजवर जिवंत राहिला.

धातूंच्या पातळीवर गेल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'सायन्स'च्या मुळाशी लॅटिनमधील जाणणे या अर्थाचा धातू आहे, आणि 'विज्ञान' शब्दातील 'ज्ञा' धातूचाही अर्थ तोच. येथवर दोन्ही परंपरा समांतर जातात. 'फिक्शन'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे. कुंभार मातीला आकार देतो ती क्रिया त्या धातूने सांगितली जाई. संस्कृतातील 'कल्पना' शब्दाच्या मुळाशी असलेला 'कॢप्' धातूही रचणे, जुळविणे, योग्य त्या आकारात आणणे असाच अर्थ देतो. म्हणजे 'फिक्शन' आणि 'कल्पना' हे शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने परस्परांच्या फार जवळचे होत. 'कथा' मात्र 'कथ्' धातूपासून आली आहे. तिचा अर्थ सांगणे. मराठीने जेव्हा 'विज्ञानकथा' हा समास स्वीकारला, तेव्हा घडविण्याच्या जागी सांगणे आले. मूळ जोडशब्दातील जे पद साहित्याचा हक्क सांगत होते, तेच पद अनुवादात बदलले.

हा बदल घडण्यापूर्वी मराठीत हा प्रकार नव्हता असे नाही. नाव नव्हते, एवढेच. १९०० साली 'केरळकोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीचा 'चंद्रलोकाची सफर' हा मराठी अवतार क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. त्याच वर्षी हिंदीत 'सरस्वती'मध्ये केशवप्रसाद सिंह यांची 'चंद्रलोक की यात्रा' आली. दोन भाषांचे वाचक एकाच वर्षी चंद्राकडे निघाले होते, आणि त्या प्रवासाला वाङ्मयप्रकाराचे स्वतंत्र नाव हवे असे कोणत्याही बाजूस वाटले नव्हते. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही स्वतंत्र कथा आली. सफर, हास्य हे त्या काळच्या शीर्षकांतील शब्द वाचकास अद्भुताची आणि मौजेची हमी देतात. शिकवणुकीची हमी त्यांत नाही.

नाव नसण्याचे आणखी एक कारण संभवते. एकोणिसाव्या शतकातील मराठीत सायन्स या अर्थी मुख्यतः 'शास्त्र' हा शब्द चाले. रसायनशास्त्र, ज्योतिषशास्त्र, सृष्टिशास्त्र ही त्याची अपत्ये. 'विज्ञान' शब्दाचा इतिहास निराळा आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ज्ञान म्हणजे आत्मज्ञान आणि विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान असा भेद केलेला आहे. पुढे पदार्थविज्ञानासारख्या समासांतून हा शब्द आधुनिक अर्थाकडे सरकला आणि विसाव्या शतकात स्थिरावला. तरीही मराठीने विज्ञानाची उपासना करणाऱ्या माणसाला 'शास्त्रज्ञ' म्हणणे सोडले नाही. हिंदीत मात्र तो 'वैज्ञानिक' झाला. 'शास्त्र' शब्दात आज्ञेचा आणि प्रामाण्याचा जो सूर आहे, तो 'विज्ञान' शब्द रूढ झाल्यावरही मराठी मनात पूर्णपणे विरला नाही. विज्ञानकथेकडे पाहण्याच्या मराठी दृष्टीत हा जुना सूर आजही ऐकू येतो.

आता समासाचा विग्रह. 'विज्ञानकथा' हा तत्पुरुष होय, हे सहज दिसते. परंतु कोणता? विज्ञानाची कथा असा षष्ठीचा विग्रह केला तर विज्ञान हा कथेचा विषय ठरतो. विज्ञानावर आधारलेली कथा असा मध्यमपद लोपलेला विग्रह केला तर विज्ञान हा कथेचा पाया ठरतो. विज्ञानासाठी कथा असा चतुर्थीचा विग्रह केला तर विज्ञान हे प्रयोजन आणि कथा हे साधन होते. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही विग्रह चालण्यासारखे आहेत. मराठीत या प्रकाराविषयी झालेली बहुतेक चर्चा या तीन विग्रहांतच फिरत राहिली आणि त्यांतही तिसऱ्याकडे तिचा कल झुकला. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. सामान्य माणसापर्यंत त्याच्या भाषेत विज्ञान नेणे हा तिचा हेतू होता. परिषदेने कथास्पर्धा घेतल्या. त्या स्पर्धेच्या नावात 'विज्ञानरंजन' हा शब्द आहे, हे लक्षणीय आहे. रंजन विज्ञानाच्या हातात हात घालून यावे, ही अपेक्षा त्या नावातच ग्रथित झाली आहे.

याच स्पर्धेसाठी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलट वाचली असता जयंत विष्णु नारळीकर हे नाव मिळते. कथेला पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील एक पर्व सुरू झाले. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांच्या लेखनाने या प्रकाराला विस्तार लाभला. परिषदेचे आणि या लेखकांचे ऋण मराठीवर मोठे आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या लेखनाकडे समीक्षेने कोणत्या दाराने पाहिले याचा.

ते दार समासातील पहिल्या पदाचे होते. कथेतील विज्ञान अचूक आहे काय, ते वाचकास कळेल अशा रीतीने मांडले आहे काय, कथा संपल्यावर विज्ञानाचा एखादा सिद्धांत वाचकाच्या पदरी पडतो काय, असे प्रश्न विचारले गेले. पात्रे, निवेदन, भाषा, काळाची रचना यांविषयीचे प्रश्न 'खऱ्या' कथेसाठी राखून ठेवले गेले. परिणामी विज्ञानकथा ही साहित्याची शाखा न राहता विज्ञानप्रसाराची शाखा ठरू लागली. नवकथेची जितक्या बारकाईने चिकित्सा झाली, तिचा अल्पांशही विज्ञानकथेच्या वाट्यास आला नाही. नारळीकरांना साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हाही गौरव झाला तो प्रामुख्याने विज्ञानाला मराठीत आणणाऱ्या शास्त्रज्ञाचा. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथांतील उपहास, इतिहासाशी त्यांनी मांडलेला खेळ, सरळ निवेदनाआड ठेवलेली नैतिक अस्वस्थता यांचा वाङ्मयीन हिशेब अद्याप व्हावयाचा आहे.

समासातील दुसऱ्या पदानेही आपला परिणाम केला. मराठीत 'कथा' म्हणजे आकाराने लहान असा विशिष्ट वाङ्मयप्रकार. कादंबरी त्यात बसत नाही. म्हणून विज्ञानकथा म्हटले की मासिकातील वा दिवाळी अंकातील दहा-बारा पानांची कथा डोळ्यांसमोर येते आणि दीर्घ लेखनासाठी 'विज्ञान कादंबरी' असे वेगळे नाव घ्यावे लागते. इंग्रजीत जे एका नावाखाली होते, ते मराठीत दोन घरांत विभागले गेले. नारळीकरांची 'प्रेषित' किंवा अरुण साधू यांची 'विप्लवा' या कादंबऱ्या विज्ञानकथेच्या चर्चेत कडेला उभ्या राहतात आणि कादंबरीच्या चर्चेतही त्यांना मध्यभागी जागा मिळत नाही. 'विज्ञान काल्पनिका' असा एक पर्याय मराठीत अधूनमधून वापरला गेला. त्यात हरवलेले कल्पनेचे पद परत आले होते. पण तो शब्द रुळला नाही.

बंगालीने निराळा मार्ग घेतला. 'कल्पविज्ञान' हा शब्द घडविण्याचे श्रेय अद्रीश बर्धन यांना दिले जाते. त्यांनी १९६३ मध्ये 'आश्चर्य' हे या प्रकारास वाहिलेले मासिक सुरू केले. 'कल्पविज्ञान' हा कर्मधारय आहे. त्यात विज्ञान प्रधान पद असले, तरी ते विज्ञानच कल्पित आहे. प्रयोगशाळेतील विज्ञानाशी त्याचा हिशेब तपासण्याची गरज या नावाने काढून टाकली. येथे संस्कृत व्याकरणातील एक बारकावा मनोरंजक आहे. 'कल्प' हे प्रत्यय म्हणून शब्दाच्या शेवटी आले की 'जवळजवळ तसा' असा अर्थ होतो, जसे मृतकल्प, ऋषिकल्प. बंगालीने 'विज्ञानकल्प' म्हटले असते तर 'विज्ञानाहून किंचित उणे' असा अर्थ झाला असता. पद आधी ठेवल्याने उणेपणा गेला आणि स्वातंत्र्य आले. सत्यजित राय यांचा प्रोफेसर शंकू १९६१ पासून जे शोध लावीत होता, त्यांची उपपत्ती कोणी मागितली नाही. ती मागावयाची नसते, हेच पुढे या नावानेही सांगितले.

या दोन भाषांतील साम्य ध्यानी घेतले म्हणजे नावांचा फरक अधिक अर्थपूर्ण वाटतो. जगदीशचंद्र बोस यांची 'निरुद्देशेर काहिनी' १८९६ मध्ये एका केशतेलाच्या उत्पादकाने घेतलेल्या कथास्पर्धेत पारितोषिकपात्र ठरली, आणि तीही लेखकाच्या नावावाचून. तेलाच्या एका बाटलीने समुद्रावरील वादळ शमते, असा तिचा विषय. बोस आणि नारळीकर दोघेही जगन्मान्य शास्त्रज्ञ. दोघांच्याही पहिल्या कथा स्पर्धेसाठी लिहिलेल्या आणि दोघांनीही आपले नाव झाकलेले. एका स्पर्धेस तेलाची जाहिरात हवी होती, दुसरीस विज्ञानाचा प्रसार. बंगालीत तेलाचे निमित्त गळून पडले आणि कल्पित उरले. मराठीत प्रसाराचे निमित्त प्रकाराच्या नावाशीच जोडले गेले.

तमिळमध्ये 'अरिवियल पुनैकदै' ही संज्ञा आहे. तीत विज्ञान, रचणे आणि कथा अशी तिन्ही अंगे शाबूत आहेत. हिंदीचे उदाहरण दिल्लीतील मराठी अभ्यासकास अधिक जवळचे आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. हिंदीतही 'विज्ञान कथा' हाच शब्द चालतो, 'विज्ञान गल्प'ही चालतो. दोन्ही भाषांची लिपी एक, शब्दही एक. परंतु हिंदीत लहान आकाराच्या वाङ्मयप्रकाराला 'कहानी' म्हणतात आणि 'कथा साहित्य' या नावाखाली कहानी व उपन्यास दोन्ही येतात. 'कथा' हे तेथे व्यापक पद आहे. म्हणजे हिंदीतील 'विज्ञान कथा' इंग्रजी संज्ञेच्या जितकी जवळ जाते, तितकी मराठीतील 'विज्ञानकथा' जात नाही. सूचिपत्रात हे दोन शब्द एकाच ओळीत बसतात. साहित्यव्यवहारात मात्र त्यांची व्याप्ती भिन्न आहे.

कादंबरीच्या नावांनी हा धडा पूर्वीच दिलेला आहे. मराठीने आणि कन्नडने बाणभट्टाच्या नायिकेचे विशेषनाम घेऊन त्याचे सामान्यनाम केले. गुजरातीने 'नवलकथा' हा इंग्रजी शब्दाशी ध्वनीने खेळणारा समास घडविला. हिंदी आणि बंगालीने 'उपन्यास' घेतला. तोच संस्कृत शब्द तेलुगू आणि कन्नडमध्ये व्याख्यान या अर्थी चालतो. संस्कृत मूळ समान असले म्हणजे अर्थ समान राहतो, या समजुतीस याहून स्पष्ट उत्तर नसेल. या नावांच्या भिन्नतेतून त्या त्या भाषेने कादंबरीकडे काय मागितले हे कळते, म्हणूनच साहित्येतिहासकारांनी ती भिन्नता पुसून न टाकता अभ्यासिली.

परिभाषेचा विचार दिल्लीत करताना वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचा उल्लेख टाळता येणार नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आणि दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या आयोगाने सर्व भारतीय भाषांना शक्य तितके समान असे शब्द असावेत, हे धोरण ठेवले. विज्ञानाच्या परिभाषेपुरते ते समर्थनीय आहे. 'ब्लॅक होल' ही इंग्रजी संज्ञा जॉन व्हीलर यांनी १९६७ नंतर रूढ केली. त्यानंतर काही वर्षांतच नारळीकरांच्या कथेने शीर्षकातून 'कृष्णविवर' हा समास सामान्य मराठी वाचकापुढे आणला, आणि तो पाठ्यपुस्तकापासून वृत्तपत्रापर्यंत स्थिरावला. त्याचा विग्रह एकच. कृष्ण असे विवर. वैज्ञानिक संज्ञेला एकच विग्रह असावा, हेच तिचे बळ.

वाङ्मयीन संज्ञेचे तसे नाही. 'यंत्रमानव' या शब्दाकडे पाहावे. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगाला 'रोबो' शब्द मिळाला. त्याच्या मुळाशी चेक भाषेतील सक्तीच्या श्रमाचा वाचक शब्द आहे. मराठीत त्या अर्थाला 'वेठ' हा अस्सल शब्द होता आणि त्यामागे वेठबिगारीचा जिवंत इतिहासही होता. 'यंत्रमानव' या सुबक समासाने वस्तूचे वर्णन केले, पण वेठीची वेदना मागे ठेवली. परिभाषा म्हणून तो शब्द निर्दोष आहे. चापेकच्या नाटकातील बंडाची कळ मात्र त्यात उतरत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की नावाने साहित्य घडत नाही. लेखक आपल्या प्रतिभेने लिहितो, समास सोडवून लिहीत नाही. हे खरे आहे. परंतु नाव ग्रंथालयातील फळी ठरविते, अभ्यासक्रमातील जागा ठरविते, संपादकाची मागणी आणि परीक्षकाचा निकष ठरविते. लेखक स्वतंत्र असतो, त्याचे वाचन इतके स्वतंत्र नसते. दुसरा आक्षेप असा की ज्याने हा प्रकार मराठीत रुजविला, त्या चळवळीच्या नावावर टीका करणे कृतघ्नपणाचे होय. तेही मान्य करण्यासारखे नाही. प्रसाराच्या हेतूने लावलेल्या रोपाला साहित्याची फळे आली असतील, तर ती साहित्याच्या तराजूत तोलणे हाच त्या चळवळीचा खरा सन्मान ठरेल.

'विज्ञानकथा' हा शब्द टाकून द्यावा, असे येथे सुचवावयाचे नाही. अर्धशतकाहून अधिक काळ वापरात असलेला शब्द समितीच्या ठरावाने बदलत नाही, बदलूही नये. त्यात सांगण्याची जी क्रिया आहे, तिचेही मोल आहे. मराठी विज्ञानकथेची ओघवती, श्रोत्यापुढे बसून सांगितल्यासारखी निवेदनशैली कदाचित त्या 'कथ्' धातूशीच इमान राखून आहे. आवश्यक आहे ते एवढेच की तौलनिक अभ्यासात या शब्दास प्रतिशब्द न मानता पुरावा मानावे. बाळ फोंडके दिल्लीत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन व माहिती संचालनालयाचे प्रमुख होते. त्यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक भारतीय भाषांतील कथा त्यात इंग्रजीतून एकत्र आल्या. कथा एकत्र आणण्याचे ते काम मोलाचे होते. त्यापुढचे काम त्या त्या भाषांतील नावे एकत्र वाचण्याचे आहे.

तसे वाचन झाले तर मराठी विद्यार्थ्याला बंगाली कल्पविज्ञानाकडून एक प्रश्न उसना मिळेल. कथेतील विज्ञान खरे आहे काय, हा प्रश्न त्याने भरपूर ऐकला आहे. ते विज्ञान कथेने कसे घडविले, हा प्रश्न त्याने आता विचारला पाहिजे. बंगाली विद्यार्थ्यालाही मराठीकडून घेण्यासारखे आहे. कल्पिताला वस्तुस्थितीपुढे उभे करणारी जी शिस्त मराठी विज्ञानकथेने पाळली, तिचे वाङ्मयीन रूप काय, हे त्यास तपासता येईल. समास तोच राहील. त्याचा विग्रह करण्याचा अधिकार मात्र विज्ञानप्रसाराकडून साहित्यविचाराकडेही यावयास हवा.